ओटीतला होकार

प्रतिभाला ती नोकरी हुशारीमुळे मिळाली असं तिच्या सासरच्यांना वाटायचं. सुरुवातीला तिलाही तसंच वाटलं. समाजकार्याची पदवी होती, बोलणं गोड होतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं तेच ते ऐकायला ती कंटाळत नसे. पण मुलाखतीला आणखीही मुली आल्या होत्या आणि त्यातल्या दोघींचं इंग्रजी तिच्यापेक्षा कितीतरी फर्डं होतं. डॉक्टर श्यामला गायधनींनी सगळ्या पदव्या बाजूला सारल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"ढगेमळा. मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. ढगेमळ्यात घरोघर साखरेचा आजार होता हे त्यांना ठाऊक होतं. तिथली माणसं परक्याला दारात उभं करत नाहीत हेही ठाऊक होतं. नोकरी तिथेच पक्की झाली.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. कॅनडा कॉर्नरजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते केंद्र होतं. नव्या औषधांची माणसांवर चाचणी करायची, हे तिथलं काम. त्या वर्षी साखरेच्या आजारावरची एक नवी गोळी आली होती. चाचणीत यायचं तर जुनी गोळी बंद करायची. मग अर्ध्या लोकांना नवी गोळी मिळणार आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाच्या वाट्याला कोणती आली हे खाणाऱ्याला कळायचं नाही आणि देणाऱ्यालाही नाही. खरं-खोटं पारखायचं तर असंच करावं लागतं म्हणे. असेलही.

डॉक्टरबाई लबाड नव्हत्या हे आधीच सांगून टाकतो. किंबहुना या गोष्टीत कुणीच दुष्ट नाही. असता तर बरं झालं असतं, निदान बोटं मोडायला कुणीतरी मिळालं असतं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, त्याला सगळं समजावून सांगायचं, त्याने राजी व्हायचं आणि मगच त्याला हात लावायचा, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा होती. प्रतिभाकडून त्यांनी चार वाक्यं घोटून घेतली होती. "तुम्हाला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. आज म्हणा, मधेच म्हणा, शेवटच्या दिवशी म्हणा. कारण सांगावं लागणार नाही. आणि कुणीही तुमच्यावर रागावणार नाही."

प्रतिभाला ही वाक्यं फार आवडायची. आजवर तिला स्वतःला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

इंदिरानगरात एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला तिने ती ऐकवली, तेव्हा त्या गृहस्थाने तासभर तिला धारेवर धरलं. विमा कुणाचा, जबाबदारी कुणाची, पोकळ गोळी निघाली तर माझ्या डोळ्यांचं काय, मूत्रपिंडाचं काय. शेवटी चहा पाजला आणि नाही म्हणाला. परत येताना प्रतिभा चडफडत होती. किती कीस काढतात ही माणसं.

ढगेमळ्यात ती गेली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या सणाला लेकी माहेरी येतात, चिंचेला झोके टांगलेले असतात, आणि घरोघरी पुरणाचा वास असतो. प्रतिभाची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं चुलतीने, नवसाबाईने. प्रतिभाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि अजून मूलबाळ नव्हतं. नवसाबाई त्याबद्दल तोंडाने चकार शब्द काढत नसे, पण तिच्यासाठी कुठे कुठे नवस बोलून ठेवले होते ते तिचं तिलाच माहीत. वणीला एक, त्र्यंबकला एक, आणि वाटेत दिसेल त्या शेंदराच्या दगडाला एकेक.

दुपारी चिंचेखाली बायका मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसल्या होत्या. प्रतिभाने त्यांच्यात बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पोकळ गोळीचं सांगितलं, जुनी गोळी बंद करण्याचं सांगितलं, काय काय त्रास होऊ शकतो तेही सांगितलं. आणि मग ती चार वाक्यं म्हणाली.

बायका हसल्या.

"आता तुला नाय म्हनायचं व्हय?" सुलाबाई म्हणाली. ती शेजारच्या मळ्यातली, तोंडाची फटकळ.

"मला नाही, सुलाकाकू. औषधाला. तुमची मर्जी नसेल तर."

"औशीद कोन घेऊन आलं? तूच ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर."

नवसाबाईने हातातली सुई कळीत खोचून ठेवली. "लेक आखाजीला आली, कधी नाय ते काही मागती हाय, आन् तिला रिकामी धाडायची? आन तो कागद."

तिने पहिला अंगठा उठवला. मागोमाग साऱ्याजणींनी कुणी अंगठा दिला, कुणी वळणावळणाची सही केली. कुणी एक प्रश्न विचारला नाही. डोळ्यांचं विचारलं नाही आणि मूत्रपिंडाचंही नाही.

संध्याकाळी प्रतिभा निघाली तेव्हा नवसाबाईने तिला पाटावर बसवलं आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि वर हिरवा खण. अंगठ्याची शाई पुरती गेली नव्हती, तिचा निळा डाग खणाच्या कोपऱ्याला लागला. प्रतिभाने रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे परत घरात ठेवले, काकूच्या पाया पडली आणि एस.टी. धरली.

डॉक्टरबाई खूश झाल्या. मग जरा थबकून म्हणाल्या, "एकही नकार नाही? समजलं ना त्यांना सगळं?"

"समजलं, मॅडम. मी सगळं सांगितलं."

ते खरंच होतं. तिने सगळं सांगितलं होतं.

मग पावसाळा लागला. महिन्यातून एकदा ढगेमळ्याच्या बायका तपासणीला केंद्रात यायच्या. ठेवणीतली लुगडी, डोक्याला तेल, हातात लेकीसाठी मेथीची जुडी. मुलगी दाखवायला न्यावी तशा नटून यायच्या आणि रांगेत अवघडून बसायच्या. डॉक्टरबाई विचारायच्या, "काही त्रास?" उत्तर ठरलेलं. "काय बी नाय. बेस हाय." आणि साखरही खरोखर बेताची यायची. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी मोठी तपासणी परस्पर मुंबईला जायची, तिचा आकडा चाचणी संपेपर्यंत केंद्रात कुणाला कळवत नसत. तेव्हा समोर दिसत होतं ते सगळं झकास होतं.

आषाढात प्रतिभाला दिवस राहिल्याचं कळलं. तिने आधी काकूला फोन केला, मळ्याजवळच्या किराणा दुकानात. मग नवसाबाई एवढंच म्हणाली, "बग. आखाजीला ओटी भरली व्हती ना मी."

गौरींना प्रतिभा माहेरी गेली. जपून यायला सांगितलं होतं, जपून गेली. दुपारी नवसाबाईने गौरी आणल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली, गौर हातात, मागून सुलाबाई ताट वाजवत, आणि "गौर आली, काय घेऊन आली" असं विचारत सगळ्या घरातून फिरवायची. प्रतिभा पाटावर बसून बघत होती. काकू पुढे गेली तेव्हा तिला कुंकवाच्या पावलांशेजारी आणखी एक ओली खूण दिसली. मग तिच्यापुढे आणखी एक. त्यांचा रंग कुंकवाचा नव्हता.

पूजा होईपर्यंत ती गप्प राहिली. मग काकूला माजघरात नेलं आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या पुढे, तळव्यात, हळद भरलेलं एक छिद्र होतं. वरून लहान दिसत होतं. हळदीच्या वासाखाली दुसरा एक वास होता.

"हे कधीचं, काकू?"

"गुलाबाचा काटा हाय गं. मळ्यात काटा नाय लागनार तर काय लागंल?"

"दुखतंय?"

"आजाबात नाय. दुखत नाय तेच बरं हाय."

साखरेच्या रोग्याला जखम दुखत नाही, याच्याइतकं वाईट काही नसतं. हे प्रतिभाला केंद्रात शिकवलं होतं.

"पण साखर तर चांगली येते तुझी."

यावर दारात उभी असलेली सुलाबाई खुदकन हसली. "येनारच. तपासनीच्या आदी दोन दिस तुझी काकू पोटात कन घेत नाय. कारल्याचा रस पिती निस्ता. आमी समद्याच पितो. त्वांड कडू जहर व्हतं."

"अहो, पण का?"

"का म्हंजी? आकडा वाईट आला तर तुझ्या औशिदाला नावं ठिवतील ना. त्या डाक्तरीनबाईपुढं तुझी मान खाली जाईल."

बाहेर आरतीची तयारी चालली होती, कुणी कापूर शोधत होतं. या बायकांनी चाचणीला बसायचं म्हणजे परीक्षेला बसायचं असं धरलं होतं, आणि परीक्षा त्यांची नव्हतीच, लेकीची होती. लेकीला नापास कोण होऊ देईल?

"काकू, उद्यापासून ती गोळी बंद कर," ती म्हणाली. "जुनी सुरू कर. तुला नाही म्हणता येतं. मी सांगितलं होतं ना आखाजीला?"

नवसाबाईने पाय ओढून घेतला आणि लुगड्याखाली झाकला. "मी शबूद दिला. नुसता दिला नाय, तुझ्या ओटीत घातला. ओटी भरली आन् तुला दिवस गेले. सात वर्सांनी. आता त्यातलं काही काढून घे म्हनतीस? तुझ्या पोटात काय हाय ते तरी ध्यानात घे."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही गं."

"तुला शिकलेलीला नसंल. मला हाय."

नवसाबाईचे मालक, कारभारीकाका, ओसरीवर बसून दूर्वा निवडत होते. आयुष्यात बायकोपुढे ते कधी बोलले नाहीत आणि तेव्हाही बोलले नाहीत. प्रतिभाने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी दूर्वांची जुडी सोडली आणि पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभाने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. कारल्याचा रस, उपास, काटा, ओटी. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ताबडतोब नवसाबाईला बोलावून घेतलं. गाडी पाठवली.

नवसाबाई आली ती ठेवणीतलं लुगडं नेसूनच. पाय स्वच्छ धुतलेला, जखमेवर पांढरी चिंधी. उपास करता का, असं विचारल्यावर म्हणाली, "श्रावण-भादव्यात कोन करीत नाय?" डॉक्टरबाईंनी जखम पाहिली, दाबली, साफ केली. वरून ती मिटत आली होती. नवसाबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, हलणार कशी, तिला काही कळतच नव्हतं. डॉक्टरबाईंनी औषधं दिली, पाय सर्जनला दाखवायची चिठ्ठी दिली. मग खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, "नवसाबाई, तुम्ही आता यातून बाहेर पडलात तर बरं. जुनं औषध सुरू करू. तुम्हाला बाहेर पडायचंय का?"

"नाय."

"कुणी काही म्हणणार नाही. प्रतिभाच्या नोकरीला धक्का लागणार नाही. पडायचंय बाहेर?"

"नाय. माझं बेस चाललंय."

तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही नवसाबाईने तेच सांगितलं, वर हसून म्हणाली, "माज्यावर कोनी बळजबरी केली नाय बाई. मपल्या खुशीनं आले."

गाडी नवसाबाईला घेऊन परत गेली.

"मॅडम, तुम्ही काढा तिला," प्रतिभा म्हणाली. "तुम्हाला काढता येतं."

"येतं. पण कशावरून काढू? आकडा चांगला आहे. जखम भरत आलेली दिसतेय. मुंबईला औषध कंपनीत फोन केला, ते म्हणाले, जखमेवर उपचार करा आणि निकषात बसतेय तोवर ठेवा. आणि बाई स्वतः राहायचं म्हणते, एकदा नाही, तीनदा. उरलं काय? तुमचा शब्द. आणि तुम्ही तिची पुतणी." डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तिचं म्हणणं बाजूला सारून मी तुमचं ऐकलं, तर मग तिला विचारलं कशाला? मी तिला हक्क देऊ शकते, प्रतिभा. तो वापरायला कसा लावू?"

प्रतिभाला वाटलं, ओरडून म्हणावं, तिने होकार औषधाला दिलाच नव्हता, मला दिला होता. तुम्ही मला ठेवलंत ते याचसाठी. पण डॉक्टरबाईंनाही ते त्याच क्षणी उमगलं असावं, कारण त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

पितृपंधरवडा सर्जनकडे न जाताच गेला, कारण असल्या दिवसांत नवं काही करायचं नाही. मग झेंडूची घाई सुरू झाली. दसरा तोंडावर आला की ढगेमळ्यात मरायलासुद्धा कुणाला फुरसत नसते. प्रतिभा जमेल तेव्हा जात होती. समजावलं, रडून झालं, अबोला धरून झाला. नवसाबाई तिला बसवून डोहाळे विचारी, कैरीचं लोणचं पुढे ठेवी, आणि पायाचा विषय निघाला की फुलं तोडायला उठून जाई. एकदा काकूची पाठ असताना प्रतिभाने गोळ्यांची बाटली उचलली. फेकून द्यावी, तिच्यात जुन्या गोळ्या भराव्यात, काय वाटेल ते करावं. पण मग ती म्हणजे कोण झाली? ज्यांना सांगितलं तुमच्या अंगावर तुमचाच हक्क, त्यांच्याच तोंडात गुपचूप गोळी घालणारी. तिने बाटली फडताळात होती तशी ठेवली.

नवरात्राच्या पाचव्या माळेला सुलाबाईचा फोन आला. तिच्या आवाजात फटकळपणा नव्हता. "पोरी, तुझ्या काकूचा पाय काळा पडाया लागलाय. ताप हाय. वास येतो. तुला सांगू नको म्हनली. तेवढं येऊन जा."

प्रतिभाने ट्रंक उघडली. तळाशी हिरवा खण होता, अजून न शिवलेला, कोपऱ्याला निळा डाग असलेला. बाळंतपणानंतर शिवू म्हणून ठेवलेला. तिने डब्यातून तांदूळ काढले, वाटेत नारळ घेतला, हळकुंड आणि सुपारी घेतली. काय करायचं ते तिला ठाऊक होतं आणि त्याचा अर्थ काय तेही ठाऊक होतं. ओटी परत करणारी बाई ढगेमळ्यात आजवर एकच होऊन गेली होती. तिचं नाव आजही कुणी घेत नाही. माहेर तोडायचं असलं तरच बाई ते करते, आणि पोटुशी बाई तर मनातसुद्धा आणत नाही. पण शब्द ओटीत अडकला होता, तर ओटीच रिकामी करायची. दुसरी वाट उरली नव्हती. काकू आधी जगू दे, मग तिचा रुसवा जन्मभर काढू.

तिने अशोक स्तंभावरून रिक्षा केली आणि ढगेमळ्यात भाडं चुकतं करून रिक्षावाल्याला दारात थांबायला सांगितलं.

अंगणात झेंडूचा ढीग पडला होता. नवसाबाई ओसरीवर पाय पसरून, पायावर गोणपाट टाकून माळा ओवत बसली होती. चेहरा तापाने तांबूस झालेला. लेकीला बघून तिने हातातली सुई खाली ठेवली. "ये. ऊन लागलं आसंल. आत बस."

प्रतिभा आत गेली नाही. ती उंबऱ्याशी उभी राहिली, पदर पुढे धरला आणि ओटी उंबऱ्यावर रिकामी केली. तांदूळ ओसरीभर पसरले. नारळ घरंगळत झेंडूच्या ढिगाशी जाऊन थांबला. तिने खण नवसाबाईपुढे ठेवला, डाग वर येईल असा.

"तुझा शब्द तुला परत केला, काकू. आता मी तुझी कुणी लागत नाही. तू मला काही देणं लागत नाहीस. गोळी सोड."

कारभारीकाका खुरपं घेऊन मागच्या दाराने येत होते. ते जागच्या जागी थांबले.

नवसाबाई खणाकडे बघत राहिली. मग तिची नजर वर आली, ती प्रतिभाच्या पोटावर थांबली आणि तिने घाईने दुसरीकडे पाहिलं. तिने फडताळाकडे हात केला. "अवो, ती बाटली हिला देऊन टाका. नाय खानार मी आता."

काकांनी बाटली आणून दिली. प्रतिभाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती रडत रडत खाली वाकली आणि काकूच्या दंडाला धरून म्हणाली, "चल. रिक्षा उभी आहे. सिव्हिलला जाऊ. आत्ताच्या आत्ता गेलं तर पाय वाचेल."

नवसाबाईने दंड सोडवून घेतला. जोर नव्हता, पण सोडवून घेतला.

"नाय."

"काकू..."

"कोनाबरोबर जाऊ?" तिचा आवाज शांत होता, बाजारात परक्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "माझी लेक आली आसती तर गेले आसते. ती सांगंल ते खाल्लं, ती नेईल तिथं गेले. तू कोन, बाई? पोटातल्या लेकरासकट ओटी उलटी करनारी बाई माझी लेक नाय."

"मी तुझ्यासाठी केलं गं हे. तू बाहेर पडावंस म्हणून."

"पडले ना भाईर."

"अगं, पाय बघ पाय," कारभारीकाका म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते मधे बोलले होते. "जा तिच्यासंगं."

"नाय म्हनले ना."

गेला महिनाभर प्रतिभा हा एक शब्द ऐकायला तडफडत होती. रडून मागितला होता, हात जोडून मागितला होता. आता तो मिळाला होता, स्वच्छ, ठाम, कुणाची भीड न धरता म्हटलेला. आणि तो औषधाला नव्हता, तिला होता.

उचलून न्यायचं तर काकू काही लहान मूल नव्हती. तिने पुन्हा पाया पडून बघितलं. नवसाबाईने पाय गोणपाटाखाली आणखी आत ओढला आणि सुई हातात घेतली. गोणपाटाखालून येणारा वास आता अंगणभर पसरला होता, ताज्या झेंडूच्या वासानेही तो झाकला जात नव्हता. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. मधेच म्हणा, शेवटच्या दिवशी म्हणा. कारण सांगावं लागणार नाही आणि कुणीही रागावणार नाही. हे तिनेच या अंगणात, त्या चिंचेखाली बसून सांगितलं होतं, आणि तेव्हा सगळ्याजणी हसल्या होत्या.

रिक्षावाल्याने आणखी एकदा हॉर्न वाजवला आणि रिक्षा वळवून तो निघून गेला. कारभारीकाका खाली बसले आणि ओसरीवरचे तांदूळ वेचू लागले. प्रतिभा उंबऱ्याबाहेर उभी होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही.